तंजावरची बाहुली आणि वडिलांचं पोट

तंजावरच्या मराठ्यांवरच्या या मालिकेत आपण आतापर्यंत राजे पाहिले, तह पाहिले, मोडी कागद पाहिले. आजचा विषय जरा घरगुती आहे. आज पोटावर बोलायचं आहे. पुरुषाच्या पोटावर.

माझ्या टेबलावर तंजावरची एक बाहुली असते. तुम्ही पाहिली असेल. राजा बसलेला, तळ गोल आणि जड. बोटाने ढकललं तर आडवी होते आणि लगेच उठून बसते. तिचं सगळं वजन तळाशी असतं, म्हणून ती पडत नाही. हेच वजन कुणी राजाच्या छातीपोटात भरलं असतं, तर पहिल्याच धक्क्याला राजा आडवा झाला असता आणि उठला नसता. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येऊ.

आता माझ्या वडिलांविषयी दोन वाक्यं सांगतो, कारण हा विषय मी त्यांच्यामुळे वाचायला घेतला. हातपाय काटक्यांसारखे, गाल बसलेले, वजन ६२ किलो, आणि सदऱ्याच्या आत एक गोल, टणक पोट. आई म्हणायची, खात्यापित्या घरचं पोट आहे. वयाच्या ५७ व्या वर्षी, एका सकाळी, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. त्या दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. "पण ते जाड कुठे होते?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता. त्या काळी जाड म्हणजे वजनदार, असाच अर्थ होता, डॉक्टरांच्या काट्यावरसुद्धा. या प्रश्नाचं उत्तर सापडायला माणसाला किती काळ लागला, तेच आज सांगायचं आहे. आणि त्या गोष्टीची एक वाट तंजावरातून जाते.

भुकेचा मुलूख, भाताचा मुलूख

मराठीत आपण दोंद म्हणतो, हिंदीत तोंद म्हणतात, संस्कृतात तुंद, आणि तमिळमध्ये तोंदि. बोलीभाषेत तोप्पै. एवढा मोठा देश, पण पोटाच्या नावावर एकमत. आणि बहुतेक ठिकाणी त्या शब्दात थोडं कौतुकही मिसळलेलं असतं. ते कौतुक कुठून आलं हे तंजावरात उभं राहिलं की कळतं.

तंजावर म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश. तमिळनाडूचं भाताचं कोठार. १६७० च्या दशकात शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी, इथे गादीवर बसले, आणि १८५५ पर्यंत भोसले घराणं इथे राहिलं. देशावरची ज्वारी-बाजरी खाणारी माणसं भाताच्या मुलखात आली. इथे भात भरपूर, पण भात पिकवणारा हा मुलूख उपाशीही राहिला आहे. १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी तंजावर उद्ध्वस्त केलं. शेतं ओस पडली, गुरं गेली, माणसं परागंदा झाली. किल्ल्यातल्या उपाशी लोकांसाठी श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने धान्य मिळवून दिलं, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. तेव्हा भावी राजा सरफोजी चार वर्षांचा होता. पुढे याच श्वार्ट्‌झच्या देखरेखीखाली त्याचं शिक्षण झालं.

सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, मानमरातब, नेमणूक आणि भरपूर वेळ उरला. त्यांनी तो कसा घालवला यावर आपण एक अख्खा भाग केला होता. त्यातल्या दोनच गोष्टी आज लागतील.

एक, अन्नछत्रं. रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर तंजावरच्या मराठ्यांनी छत्रं बांधली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र सरफोजीराजांच्या काळातलं, आजही उभं आहे. ही छत्रं कंपनीने ताब्यात घेऊ नयेत म्हणून १८०१ मध्ये राजांनी रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. त्यात वाटसरूला जेवण, आजाऱ्याला वैद्य आणि औषध, तान्ह्या मुलांना दूध, या सगळ्याची हकिकत आहे. ते पत्र वाचताना एक गोष्ट कळते. या राजाच्या लेखी रिकामं पोट हा रोग होता आणि भरलेलं पोट हा धर्म होता. हैदरची स्वारी पाहिलेल्या मुलखात दुसरं काय असणार? ज्या समाजाने भूक पाहिली आहे तो पोटाला नावं ठेवत नाही. माझ्या आईचं "खात्यापित्या घरचं" हे त्याच शहाणपणातून आलेलं होतं. शहाणपण खरं होतं, त्याचा काळ मात्र उलटून गेला होता.

दुसरी गोष्ट, धन्वंतरी महाल. सरफोजीराजांनी वैद्यकाची एक शाळाच उघडली म्हणा ना. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी, चारही पद्धतींचे जाणकार तिथे होते. जे औषध गुणकारी ठरलं ते लिहून ठेवायचं, अशी रीत होती. त्यातून तमिळ पद्यात 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' नावाचे ग्रंथ तयार झाले. त्यातला एक भाग नीरिळिवु, म्हणजे मधुमेहावर आहे. राजांनी डोळ्यांच्या रोग्यांचे कागद ठेवले, त्यांवर डोळ्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. आज हे सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. युरोपातून मागवलेली, स्वतःची सही केलेली पुस्तकंही तिथेच.

म्हणजे एका बाजूला अन्नछत्र आणि दुसऱ्या बाजूला मधुमेहाचं औषध. एकाच राजाच्या दोन खात्यांमध्ये आपली आजची गोष्ट सुरू होते.

स्वयंपाकघर आणि चरक

खाणं आणि औषध या दोन गोष्टी तंजावरच्या दरबारात वेगळ्या नव्हत्याच. एकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला रघुनाथपंडित नवहस्ते होते. त्यांचा 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले विद्वान प. कृ. गोडे यांनी त्याचा काळ १६७५ ते १७०० च्या दरम्यान ठरवला. यात तांदळाचे गुणदोष आहेत, डाळी, भाज्या, दूधदुभतं, पक्वान्नं आहेत. अगदी जिलबीसुद्धा आहे. कुठला पदार्थ जड, कुठला हलका, कुठला मेद वाढवतो, हे जुन्या वैद्यकग्रंथांच्या आधाराने सांगितलं आहे. पुढे सरफोजीराजांच्या दरबारातून 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी पुस्तक आलं. तेही पाककृतींचंच. (सांबार संभाजीराजांसाठी तंजावरात पहिल्यांदा झालं, ही कथा तुम्ही ऐकली असेल. छान कथा आहे, पण तिला त्या काळचा पुरावा नाही, म्हणून मी ती कथा म्हणूनच सांगतो.)

मेदाविषयी हे सगळे ज्याच्या खांद्यावर उभे होते तो मूळ ग्रंथ चरकसंहिता. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात चरकाने आठ प्रकारच्या निंदित शरीरांचा विचार केला आहे. फार उंच, फार बुटका, वगैरे. त्यात सर्वांत विस्ताराने तो बोलतो तो अतिस्थूल आणि अतिकृश माणसावर. अतिस्थूल कोण? ज्याच्या अंगावर मेद आणि मांस इतकं वाढलं आहे की चालताना कुल्ले, पोट आणि छाती हलते, तो. कारणं काय? जड, गोड, स्निग्ध खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं, कसलीच चिंता नसणं. आणि एक कारण बीजाचं, म्हणजे आईबापांकडून आलेलं. असा माणूस अल्पायुषी होतो, त्याला घाम फार, भूक फार, तहान फार. उपाय काय? जव, मध, त्रिफळा, ताक, श्रम. पचायला जड पण पोषण कमी, असं अन्न द्यावं, हे त्याचं सूत्र. आज आपण कोंड्यासकटच्या धान्याबद्दल जे बोलतो त्याच्या फार लांब नाही ते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. विमानस्थानात चरक शरीरातल्या निरनिराळ्या वाहिन्यांची मुळं सांगतो. मेद वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचं मूळ तो कुठे सांगतो? मूत्रपिंडांत आणि वपेत. वपा म्हणजे पोटात आतड्यांवरून पडद्यासारखी लोंबणारी चरबीची झालर. म्हणजे मेदाचं घर कातडीखाली नव्हे, पोटाच्या आत आहे, असं त्याला वाटलं होतं.

आता इथे थांबू या. कारण इथे आपल्याला एक मोह होतो. "बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं!" नाही. चरकाने डोळ्यांनी दिसणारं फार नेमकं पाहिलं. पण त्याची व्याख्या हलणाऱ्या, लोंबणाऱ्या, अवजड शरीराची आहे. काटक्यांसारखे हातपाय आणि गोल टणक पोट, हा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. मधुमेहाच्या प्रकरणात चरक स्थूल रोगी आणि कृश रोगी असे दोन वेगळे करतो, पण एकाच शरीरात कृश आणि स्थूल दोघे नांदू शकतात, हे तिथे नाही. माझे वडील चरकाच्या हाताखालूनही निसटले असते. आणि रक्तातली चरबी? ती पाहायला वेगळी साधनं लागत होती. ती साधनं सरफोजीराजांच्या हयातीतच, पण सात समुद्रांपलीकडे, तयार होत होती.

दुधासारखं रक्त

तेव्हा युरोपात आणि आपल्याकडेही रक्त काढणं हा उपचार होता. काढलेलं रक्त भांड्यात ठेवलं की गोठतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं. कधीकधी ते पाणी पिवळं न दिसता दुधासारखं पांढरं दिसायचं. अठराव्या शतकात विल्यम ह्यूसन या इंग्रज वैद्याने याची नीट नोंद केली. १८३० मध्ये एडिंबरोत रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी त्या पांढऱ्या पाण्यातली चरबी इथरने वेगळी काढून दाखवली. तिकडे फ्रान्समध्ये शेव्हरल यांनी पित्तखड्यांतल्या मेणासारख्या पदार्थाला १८१६ च्या सुमारास कोलेस्टरिन हे नाव दिलं होतं. १८३३ मध्ये बुदे यांना तोच पदार्थ माणसाच्या रक्तात सापडला.

सरफोजीराजे १८३२ मध्ये वारले. एक वर्ष आधी. इतकी पुस्तकं मागवणारा राजा आणखी काही वर्षं जगता तर हीही बातमी त्याच्या महालात पोचली असती, असं मला उगाच वाटत राहतं.

पण कळलं काय होतं? रक्तात चरबी असते एवढंच. ती पोटाशी जोडलेली आहे, हे कळायला आणखी सव्वाशे वर्षं गेली. कारण वैद्यक तोवर एका सोप्या साधनाच्या प्रेमात पडलं होतं. वजनकाटा. विमा कंपन्या उंची आणि वजनाचे तक्ते करत होत्या. माणूस किती वजनाचा, हा प्रश्न झाला. ते वजन कुठे आहे, हे कुणी विचारत नव्हतं.

वजन किती नव्हे, वजन कुठे

हा प्रश्न विचारला मार्सेयच्या एका डॉक्टरने, जाँ व्हाग यांनी, १९४७ मध्ये. त्यांनी सांगितलं की लठ्ठपणा दोन तऱ्हेचा. एक बायकी घडणीचा, ज्यात चरबी नितंब आणि मांड्यांवर जाते. दुसरा पुरुषी घडणीचा, ज्यात ती धडावर, वरच्या अंगावर साठते. मधुमेह, कडक झालेल्या रक्तवाहिन्या, संधिवाताचा तो गाऊट नावाचा प्रकार, हे दुसऱ्या तऱ्हेच्या मागे लागतात. पहिलीच्या फारसे नाही. बहुतेकांनी तेव्हा लक्ष दिलं नाही.

१९६४ मध्ये अमेरिकेत मार्गारेट अल्ब्रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्याने निरोगी पुरुषांच्या कातडीच्या चुण्यांची जाडी मोजली आणि तिची सांगड रक्तातल्या चरबीशी आणि साखरेशी घातली. याच अल्ब्रिंकबाईंनी त्याआधी हृदयरोग्यांच्या रक्तातल्या ट्रायग्लिसराइडकडे लक्ष वेधलं होतं. सगळे कोलेस्टेरॉलच्या मागे असताना.

मग १९८४. स्वीडनमधलं गोथेनबर्ग शहर. तिथे १९१३ साली जन्मलेल्या ७९२ पुरुषांची वयाच्या ५४ व्या वर्षी मोजमापं घेऊन ठेवली होती. तेरा वर्षांनी पाहिलं, कुणाला हृदयविकार झाला, कुणाला पक्षाघात. नुसतं वजन-उंचीचं गणित फारसं काही सांगेना. पण कमरेच्या मापाला नितंबांच्या मापाने भागलं, तर तो आकडा बोलू लागला. पोट जितकं नितंबांच्या पुढे, तितका धोका जास्त. एक बारीक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रक्तदाब, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल हिशेबात धरल्यावर हे नातं स्वतंत्र असं उरलं नाही. याचा एक सरळ अर्थ असा की पोट स्वतः येऊन मारत नाही, ते आपली माणसं पाठवतं. वाढलेला रक्तदाब, बिघडलेली रक्तातली चरबी, ही ती माणसं.

१९८८ मध्ये अमेरिकेत जेराल्ड रीव्हन यांनी या सगळ्या टोळीला एकत्र उभं केलं. इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, चढलेली ट्रायग्लिसराइड, उतरलेलं एचडीएल, वाढलेला रक्तदाब. हे एकेकटे फिरत नाहीत, एकत्र येतात. आणि २००० मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमधल्या संशोधकांनी पुरुषांसाठी अगदी साधी जोडी सुचवली. कमर ९० सेंटिमीटर किंवा जास्त, आणि ट्रायग्लिसराइड साधारण १७७ किंवा जास्त. दोन्ही एकत्र असतील तर आतला बिघाड असण्याची शक्यता फार मोठी. एक टेप आणि एक रक्ताची तपासणी. बस्स.

पुण्यातला फोटो

पण हे सगळे गोरे पुरुष झाले. वडिलांचं कोडं मला सुटलं ते एका फोटोने.

त्याआधी १९९१ मध्ये लंडनच्या साउथॉल भागातून एक बातमी आली होती. तिथल्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार जास्त का, हे पाहताना संशोधकांना कळलं की सारख्याच वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा यांची चरबी पोटाकडे जास्त सरकलेली आहे.

आणि २००४ मध्ये लॅन्सेट या मासिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी एकमेकांशेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, नेमका सारखा होता, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही सडपातळ. मग यंत्राने शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के. याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. एक वजन, एक उंचीचं गणित, आणि आत दुपटीहून जास्त चरबी. स्वतःच्या अंगावर असं काही दाखवायला धैर्य लागतं, आणि थोडा विनोदही लागतो.

याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याची बाळं सगळ्याच बाबतीत लहान, पण स्नायू आणि पोटातले अवयव जास्त लहान, आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. बारीक, तरी चरबीदार. म्हणजे ही घडण हॉटेलच्या टेबलावर सुरू होत नाही. आईच्या पोटातच सुरू होते, जिथे अन्न कमी पडतं आणि शरीर शिकतं की मिळेल ते साठव.

मी इथे तंजावरकडे परत पाहतो. भूक पाहिलेला मुलूख पोटाचं कौतुक करतो, असं मघाशी म्हटलं. शरीरही बहुधा तेच करतं. उपाशी राहण्याची भीती घेऊन जन्मलेलं शरीर मिळालेला घास पोटात जपून ठेवतं. पुढे नांगराच्या जागी ट्रॅक्टर येतो, उखळाच्या जागी गिरणी, सायकलीच्या जागी स्कूटर, आणि ताटातला भात पांढराशुभ्र होतो. जपून ठेवलेलं मग कधी खर्चच होत नाही.

हे कोडं फक्त पुण्याचं नव्हतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभर जो मधुमेहाचा अभ्यास केला, त्याच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू आणि महाराष्ट्र दोघेही होते, झारखंड आणि चंदीगडसोबत. २०१४ मध्ये डॉ. शशांक जोशी आणि सहकाऱ्यांनी त्यातले रक्तातल्या चरबीचे आकडे छापले. तपासलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांच्या रक्तात कुठली ना कुठली चरबी बिघडलेली. पण बिघाड कुठला ते पाहा. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेलं फक्त १३.९ टक्क्यांत. ट्रायग्लिसराइड वाढलेली २९.५ टक्क्यांत. आणि एचडीएल, म्हणजे जे पुरेसं असायला हवं, ते कमी ७२.३ टक्क्यांत. "माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे" असं आपले पुरुष छाती पुढे काढून सांगतात. आपला रोग बहुधा त्या ओळीत नसतोच. तो तिच्या वरच्या-खालच्या ओळींत असतो. त्याच अभ्यासाचे देशभरचे आकडे २०२३ मध्ये आले. पोट सुटलेले ३९.५ टक्के, वजनाने लठ्ठ २८.६ टक्के. या दोन आकड्यांमध्ये जी फट आहे, त्या फटीत माझे वडील उभे आहेत.

आत काय होतं

आता यामागची क्रिया थोडक्यात. कातडीखालची चरबी हे एक कोठार आहे, बऱ्यापैकी शांत. त्याची जागा संपली, किंवा मुळातच लहान असली, की चरबी आत जाते, वपेत, आतड्यांभोवती. ही आतली चरबी शांत बसत नाही. ती सतत विरघळत राहते आणि तिथून निघणाऱ्या शिरा यकृताकडे जातात. शिवाय यकृतातच चरबी साठते. साखर आणि पांढरा भात-मैदा जास्त झाला, दारू असली, तर यकृत स्वतःही चरबी बनवतं. मग आलेली आणि बनवलेली चरबी ते ट्रायग्लिसराइडच्या रूपात बांधून रक्तात सोडतं. रक्तात ट्रायग्लिसराइडचे कण वाढले की देवाणघेवाणीत एचडीएल घटतं, आणि एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात. असे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात. त्यामुळे एलडीएलचा आकडा फारसा न वाढताही नुकसान होत राहतं.

पुरुषांच्या बाबतीत हे लवकर सुरू होतं, कारण पुरुषाचं शरीर चरबी मुळातच पोटाकडे पाठवतं. बायकांच्या शरीरात पाळी जाईपर्यंत ती मोठ्या प्रमाणात खाली, नितंब-मांड्यांवर राहते.

बाहुली आठवली? वजन तळाशी असलेली बाहुली धक्का खाऊन उठते. पोटाशी वजन असलेली उठत नाही. उपमेला फार ताणू नये, पण मार्सेयच्या डॉक्टरांनी १९४७ मध्ये जे सांगितलं ते तंजावरचा कारागीर आपल्या मातीच्या गोळ्याने रोज सांगत होता.

सुतळी, टेप आणि एक वही

सरफोजीराजांकडून आपण काय घ्यायचं? त्यांची औषधं नव्हे. मधुमेहाचा जुना काढा आज डॉक्टरला न विचारता घ्यायचा नाही, हे स्पष्टच सांगतो. घ्यायची ती सवय. पाहायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं, आणि चारही दिशांनी आलेल्या ज्ञानाला एका महालात बसवायचं.

तेव्हा आज रात्री एक काम करा. शिवणकामाची टेप घ्या. नसेल तर सुतळी घ्या आणि मग पट्टीवर मोजा. शर्ट वर करा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड, या दोघांच्या मधोमध टेप ठेवा. श्वास सोडा, पोट आत ओढू नका, आरशासमोर सगळेच ओढतात. आकडा लिहा. पँटचा नंबर सांगू नका. पँट दोंदाच्या खाली सरकत जाते, नंबर वीस वर्षं तोच राहतो आणि माणूस स्वतःला फसवत राहतो. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, ही धोक्याची रेघ मानतात. बायकांसाठी ८०.

रेघ ओलांडली असेल तर उपाशीपोटी रक्त तपासा आणि रिपोर्टात दोन ओळी आधी बघा. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवीत. एचडीएल पुरुषांना ४० च्या वर हवं. मग डॉक्टरांकडे जा. घाबरू नका, कारण या गोष्टीत एक चांगली बातमीही आहे. पोटातली चरबी जशी लवकर त्रास देते, तशी ती चालण्या-श्रमाने आणि कमी खाण्याने लवकर उतरतेही. वजनातले ५ ते १० टक्के गेले तरी ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्क्यांनी खाली येऊ शकतात. गोड, दारू आणि ताटातला भाताचा डोंगर कमी केला की पहिला फरक याच ओळीत दिसतो.

माझी कमर पहिल्यांदा मोजली तेव्हा ती ९५ होती. वजन ६६ किलो. ट्रायग्लिसराइड २४०. घरच्यांनी नेहमीचंच म्हटलं, तू तर बारीक आहेस. मी त्यांना वडिलांचा फोटो दाखवला. मग कुणी काही बोललं नाही. आता कपाटाच्या आतल्या बाजूला एक वही टांगलेली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यात एक आकडा लिहितो. परवाचा आकडा ८९ आहे.

"ते जाड कुठे होते?" या प्रश्नाचं उत्तर आता मला ठाऊक आहे. ते पोटात जाड होते. आपण काटा पाहिला, कमर पाहिली नाही. काटा खोटं बोलला नव्हता, आपणच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

पुढच्या भागात पुन्हा मोडी कागदांकडे वळू. तोवर टेप शोधून ठेवा. आणि घरात वडील असतील, तर त्यांची कमर आधी मोजा.